करंगळीची रेस

…नाही हो मिस्त्री, बंद पडत नाही, डुलकी लागते तिला. फरक आहे त्यात. बंद पडणारी गाडी ढकलत आणावी लागते, आणि मी तर चालवत आलोय तुमच्या दारात—आलो की नाही? आलो. आता दारात आल्यावर तिनं मान टाकली हे खरं, पण ते मी एसी चालू ठेवून थांबलो म्हणून, आणि ते मुद्दाम केलं, तुम्हाला दाखवायला. पळताना बघा तिला, काही तक्रार नाही, एसी असा गार की मागे बसलेला माणूस शाल मागेल. थांबली की मात्र तोंडावर गरम वारा यायला लागतो आणि इंजिन आचके देतं—हुं, हुं, हुं—आणि मान खाली. एसी बंद असेल तर नाही हं. एसी चालू आणि गाडी उभी, हे दोन्ही एकदम जमलं की डुलकी. काय? वय? गाडीचं ना? माझ्या मुलीपेक्षा थोडी लहान, आणि मुलीचं लग्न झालं, तेव्हा तुम्हीच अंदाज करा. बसू का आत? बसतो. तुम्ही बोट वर केलं की एसी लावायचा, खाली केलं की बंद—समजलं. आयुष्यभर शेजारी बसून दुसऱ्यांना खुणा केल्या, आज माझ्यावर पाळी आली.

लावला. …बघा, गेला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली. बंद? केला. …आत्ता ती वाचली ना, ती कशामुळे वाचली ते तुम्हाला बॉनेटमागून दिसलं नसेल. करंगळी. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवायचा, आणि करंगळीची बाजू हळूच शेजारच्या पॅडलला टेकवून नखाएवढी रेस द्यायची. माझा शोध आहे हा. ही डुलकीची भानगड सुरू झाली तेव्हा दुसरा कुणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता, मी म्हटलं, थांब, आपण शिकवायची पद्धतच बदलू. तेव्हापासून माझ्याकडे गाडी शिकायला येईल त्याच्याकडून पहिल्या दिवशी पाठ करून घेतो—हवा बंद, चाल मंद, करंगळी कामाला. थांबायचं दिसलं की आधी डावा हात एसीच्या बटणावर, मग ब्रेक, मग करंगळी. म्हणा. नाही, तुम्ही नका म्हणू, सवयीनं म्हटलं. तुम्ही कधी सिग्नलला उभे राहून बघा—नव्याकोऱ्या गाडीतला माणूस थांबायच्या आधी एसी बंद करतो आणि उभ्या गाडीत इंजिन गुरगुरवत बसतो, तो माझा विद्यार्थी. बँकेचे मॅनेजर तसेच थांबतात. दाताच्या डॉक्टरीणबाई तशाच थांबतात. त्यांच्या गाड्यांना कसली आलीय डुलकी, पण एकदा अंगात मुरलं ते मुरलं. आमच्या कोपऱ्यावर चपला शिवणारा आहे, त्याच्याकडे उजव्या बुटाची बाहेरची कड झिजलेली आली की तो न विचारता म्हणतो, मास्तरांकडे शिकलात वाटतं. आता ही कीर्तीच म्हणायची ना? मी तरी म्हणतो.

लावू? लावला. …तर म्हणून मला घाई आहे, मिस्त्री. एरवी मी म्हटलं असतं ठेवून घ्या आठवडाभर, पण आज दुपारी परीक्षा आहे. लायसनची. माझी नाही हो, आमच्या हिची. बायकोची. तिसऱ्यांदा. हसा, सगळे हसतात. गावाला शिकवलं आणि घरात दिव्याखाली अंधार, हे मला रोज कुणी ना कुणी ऐकवतं. पण तिची चूक नाही, म्हणजे पूर्ण नाही. तिकडे ते परीक्षेचे साहेब, अंगानं भरदार, त्यांना उकाडा सोसत नाही. शेजारी बसले की नाव विचारायच्या आधी एसी लावतात, आणि बंद करू देत नाहीत. पहिल्या वेळी ही त्यांच्या ऑफिसच्या फाटकाशी थांबली, रिवाजाप्रमाणे बटणाकडे हात नेला, साहेबांनी तिचा हात वरच्यावर अडवला, आणि डुलकी. एकदा, दोनदा. नापास. दुसऱ्या वेळी मी सांगितलं, बटण सोड, करंगळी दे सगळी. तिनं दिली. म्हणजे असं इंजिन ओरडलं की ऑफिसातली माणसं बाहेर आली, त्यात घाबरून क्लचवरचा पाय सुटला आणि गाडीनं वासरासारखी उडी मारली. साहेब म्हणाले, बाई, गाडी चालवताय की गिरणी? नापास. घरी आलो. मग चहाचा कप ठेवताना म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण अहो, इथं अंगणच वाकडं आहे. तिसऱ्यांदा असं झालं तर मी त्या पलीकडच्या बाईकडे नाव घालीन.

आता पलीकडची बाई कोण, तर आमच्या मागच्या रस्त्यावर एक आहे, तिनं नवीन गाडी घेऊन शिकवायचा क्लास काढलाय. काल शिकली आणि आज शिकवायला बसली. पांढरी गाडी, आत अत्तराचा वास, काय ते आवाज न करणारं इंजिन—त्यात शिकून माणूस काय शिकणार? ज्या गाडीला डुलकी लागत नाही ती काय शिकवणार तुम्हाला? माझ्याकडची निम्मी मंडळी तिकडे गेली, जाऊ देत, माणसं जातात. पण उद्या माझी बायको तिच्या क्लासच्या पायरीवर उभी राहिली तर मी गाडीच्या छपरावरचा बोर्ड उतरवून घरी बसायचं, दुसरं काय? माझी सगळी अब्रू आज तुमच्या हातात आहे, मिस्त्री, म्हणून एवढं बोलतोय. बंद करू? केला. आणि तिलाही लायसन हवंच आहे. तिची आई गावाच्या पार त्या टोकाला एकटी राहते, गुडघे गेलेत, आणि हिला आईकडे जायचं तर माझ्या शिकवण्या संपेपर्यंत ओट्याशी तयार होऊन बसायचं. कधी मी विसरायचो. साडी नेसून बसलेली बाई संध्याकाळी तीच साडी सोडून स्वयंपाकाला लागायची. ते आपलं मला आत्ता सुचलं, गाडीशी त्याचा संबंध नाही.

आणि खरं सांगू, हल्ली ती फार सुधारली आहे. पूर्वी रविवारी शिकवायला घेतली की फाटकापासून भांडण. मी म्हणायचो ब्रेक, ती म्हणायची दिसतंय मला, मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबायचो—शिकवायच्या गाडीत मास्तरालाही ब्रेक असतो, बघितला असेल तुम्ही—आणि मग ती गाडी तिथंच सोडून चालत घरी. मला त्या ब्रेकची इतकी सवय, की घरी टीव्ही बघताना गाडी वळणावर आली तर माझा पाय सतरंजीत रुततो. पण आता? आता भांडत नाही. हवा बंद, चाल मंद, करंगळी—सगळं बिनचूक करते, उलट मलाच विचारते, बरोबर ना अहो? अशी शांत झालीय. सकाळी शेजारच्या शिवणवाल्या बाईंबरोबर फिरायला जाते ना, त्याचा परिणाम. मी एवढा मास्तर घरात, पण व्यायामापुढे सगळं फिकं. गंमत म्हणजे शिवणवाल्या बाई घामाघूम होऊन येतात आणि ही परत येते ती फ्रिजमधून काढल्यासारखी. प्रकृती म्हणतात ती ही. फक्त ऊन लागतं तिला, तेही उजव्याच हाताला, कोपरापर्यंत काळवंडलाय, डावा आहे तसाच गोरा. मी म्हटलं बाजू बदलून चालत जा. आणि तिच्या पायाला भोवरी झाली होती, करंगळीला, सरावाची—तीसुद्धा महिन्यात गेली. मलम मी आणून दिलं होतं. गुण आला.

हां, हां, काय दिसलं? पंखा? कुठला? …तो एसीचा? दोन पंखे आहेत हे मला ठाऊक आहे हो. गाडी उभी असताना तो फिरत नाही. बरं. म्हणजे पळताना बाहेरचा वारा लागतो म्हणून गार, थांबल्यावर वाराच नाही म्हणून गरम. आणि इंजिनावर ओझं वाढतं. बरोबर आहे, पटलं. इतके उन्हाळे तो एसीवाला मला गॅस भरून देतोय, गॅस कमी झालाय मास्तर, गॅस कमी झालाय मास्तर, आणि मी आपला भरतोय. चोर आहे लेकाचा. पंखा जळला असेल ना? …जळला नाही? …पिन काढलेली आहे. वायरची. आणि दोऱ्यानं बांधून ठेवलीय. …कुणी म्हणजे? आता इतक्या लोकांनी हात लावलाय गाडीला, कुणाचं नाव घेणार. …दोरा निळा आहे का? …हं. निळा म्हणजे आमच्या घरातला. त्याचं काय झालं, तो पंखा एकदम घुर्र करून सुरू व्हायचा, नवी माणसं दचकायची, एका शिक्षिका होत्या त्या तर दार उघडून पळाल्या, म्हणाल्या स्फोट होतोय. आणि मी काय सांगतोय ते कुणाला ऐकू यायचं नाही. म्हणून मीच काढली. शिकवताना मास्तरांचा आवाज ऐकू यायला हवा की पंख्याचा? तुम्हीच सांगा. …नका सांगू. लावा ती पिन.

ते काय काढताय आता? हवा आत जायचं तोंड? अरे बापरे. हे काळं काय आहे, तव्याची पाठ आहे की काय? …म्हणजे इंजिनाला श्वासच पुरत नव्हता. करंगळीनं रेस दिली की ती झडप जराशी उघडते, म्हणून जगत होती. म्हणजे बघा, माझं शास्त्र बरोबरच होतं. फक्त ते… ते साफ केलं असतं तरी चाललं असतं, असं म्हणताय. किती वेळ लागतो साफ करायला? …एवढाच? …नाही, काही नाही. पुसा. हे काम करा असं तीच म्हणत होती बरं का, हट्टच धरून बसली होती—बाकी काही करू नका, पण परीक्षेच्या आधी गाडी तेवढी नीट करून आणा. मी म्हटलं, अगं, आपली पद्धत असताना गाडीची काय गरज? तर म्हणाली, असू दे, गाडी नीट हवी, आणि परीक्षा मी तुमच्याच गाडीत देणार, दुसऱ्या कुणाच्या नाही. बघा, केवढा विश्वास. लोक काहीही म्हणोत.

सुरू करू? एसी लावून? लावला. …मिस्त्री, लागलीय का? काटा जागचा हलत नाही. हे बघा, पंखा घुर्र झाला, काटा जरा वाकला आणि परत सरळ उभा. मी पाय उचललेत दोन्ही. ब्रेकवर नाही, कशावर नाही. आणि हा गार वारा, उभ्या गाडीत, तोंडावर. आई शप्पथ. माझ्या मानेवरचा घाम वाळला हो. इतकी वर्षं मी एसी बंद करून सिग्नलला उकडत होतो आणि लोकांनाही उकडत ठेवत होतो, पाठ करून घेत होतो. ते बँकेचे मॅनेजर अजून उकडत असतील. जाऊ दे, त्यांना नको सांगायला. आनंद झालाय मला, मनापासून सांगतो. आता करंगळी देऊन बघू? देतो हं, नेहमीएवढीच—

बंद करा. बंद करा, मीच करतो. ऐकलंत ना? नखाएवढीच दिली होती. पलीकडचा कुत्रा उठून गेला. मिस्त्री, मेलो मी. आता ती फाटकाशी थांबणार, इमानेइतबारे करंगळी देणार, गाडी अशी किंचाळणार आणि साहेब गिरणीचं नाव परत काढणार. तिच्या अंगात मुरलंय ते, मी मुरवलंय. दुपारपर्यंत कसं उतरवू? बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं झालं. …तुम्हाला एक विचारू? ती घाण, ते फडकं टाकलंत का कुठे? परत लावता येईल का ती? सगळी नको, थोडी. पंख्याची पिनही काढा. होतं तसं करून द्या मला, फक्त आजच्या दिवस, उद्या मी स्वतः घेऊन येतो. …हसू नका हो. साफ करता येतं तर घाण करता येणार नाही? तुम्ही सोडलेला निळा दोरा मी उचलून ठेवलाय, हा काय खिशात. मी बांधतो, तुम्ही नुसते बघा… सोडा माझा हात. ही माझी गाडी आहे.

आली. ती बघा फाटकातून येतेय, पिवळी ओढणी. लवकर आली. दोरा खिशात गेला, तुम्ही काही बोलू नका. …ये गं, ये, झालीच आहे. हे मिस्त्री. हो, केली नीट. एसीही. हो, दोन्ही. पण ऐक, मी काय म्हणतो, आपण आज परीक्षा नको देऊ या, माझं जरा पोट… नाही? बरं. बरं, चक्कर मार एक, मी बसतो शेजारी—एकटी? आवारातल्या आवारात का होईना, पण एकटी? …घ्या, किल्लीही घेतली. मिस्त्री, तुम्ही मान कशाला डोलावलीत?

गेली. आता तिकडे भिंतीशी थांबेल, बघा तुम्ही. काचा वर आहेत म्हणजे एसी लावलेला आहे. आता डावा हात बटणाकडे जाईल, हवा बंद… जाईल. …नाही गेला. स्टेअरिंगवरच आहे. विसरली असेल, घाबरली की विसरते. ब्रेकचा दिवा लागला. थांबली. आता करंगळी. कान झाकून घ्या. …आवाज आला तुम्हाला? मलाही नाही आला. …उलटी घेतेय. अहो, उलटी घेतेय ती, त्या दोन गाड्यांच्या मधे. मी तिला उलटं घ्यायला शिकवलंच नाही अजून, ही गाडी उलट घेताना कायम डुलकी… आरशात बघतेय, आता मागे वळून बघतेय. एका दमात घातली. मला नाही जमत एका दमात.

हे माझं नाही, मिस्त्री. ही मान वळवायची तऱ्हा माझी नाही. मी आरशावर शिकवतो. …त्या पांढऱ्या गाडीतले सगळे अशी मान वळवतात, मी पाहिलंय. आणि उजवा हात बघा, काच खाली करून तुम्हाला काहीतरी विचारतेय, खिडकीत कोपर ठेवलंय तो हात. चालायला जाणाऱ्या बाईचा एकच हात कसा रापेल हो? एवढं साधं. रोज सकाळी. आणि रविवारी माझ्याशेजारी बसून हवा बंद, चाल मंद, बरोबर ना अहो… कशाला केलं असेल? त्या बाईच्याच गाडीत परीक्षा देऊन मोकळी झाली असती की. केव्हाच पास झाली असती. …मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मघाशी मी ती घाण परत लावा म्हणत होतो, ते तुम्ही ऐकलंत, बास, तुमच्यापाशीच ठेवा. माझा हात धरलात, बरं केलंत.

येतेय इकडे. …अगं छान चालवलीस. काय म्हणू? नाही, चूक काही नाही. फक्त ते आपलं—करंगळी, लक्षात आहे ना? …हो म्हणतेय, मिस्त्री. म्हणतेय, लक्षात आहे, तुमचंच सगळं लक्षात आहे. …बरं तर. आज जरा कमीच दे, गाडी नीट झालीय. किंवा देऊच नकोस. एसी? राहू दे चालू. साहेबांना बरं वाटेल. आणि सुटलीस की तशीच आईकडे जाऊन ये, माझ्यासाठी थांबू नको. मी? मी येतो तिथवर, शेजारी बसतो. मांडी घालून बसतो, म्हणजे पाय उगाच ब्रेककडे जायला नको. …मिस्त्री, काय बघत उभे राहिलात? बाजूला व्हा. निघालीय ती.